झुकलेल्या पापण्यांचा मेकअप : आधी एवढंच जमवा

वयानुसार पापणीची कातडी सैल पडते आणि वरची घडी खाली उतरते. म्हणून बंद डोळ्यावर छान दिसणारी आयशॅडो (पापणीवर लावायचा रंग) डोळा उघडला की गडप होते. तुमचा हात चांगलाच आहे, फक्त जागा चुकते आहे.

आरशात सरळ बघा, डोळे उघडे, भुवया सैल. बहुतेक जणी भुवया उंचावून किंवा कातडी ताणून रंग लावतात आणि सोडलं की सगळं खाली सरकतं. सरळ बघतानाच घडीच्या 3-4 मिलिमीटर वर मॅट (बिनचमकीची), मध्यम तपकिरी शॅडो लावा आणि मऊ ब्रशने वरच्या बाजूला विरवत न्या. उघड्या डोळ्याला रंग दिसला, की जागा बरोबर.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका :

- घडीवर चमकदार शॅडो. सुरकुत्या आणि फुगीरपणा जास्त उठून दिसतो.
- जाड लायनर. आधीच कमी असलेली जागा तो खाऊन टाकतो. पापणीच्या केसांच्या मुळांत पातळ रेघ पुरे. बाहेरचा कोपरा यायच्या जरा आधीच ती वर वळवा, नाहीतर डोळा आणखी उतरलेला वाटतो.
- प्रायमर (शॅडोच्या आधी लावायचा, रंग धरून ठेवणारा थर) टाळणं. घडी पापणीवर टेकते, तेल सुटतं आणि लायनरचा शिक्का वर उमटतो. तांदळाच्या दाण्याएवढा प्रायमर, वर चिमूटभर पावडर.

मस्काराआधी कर्लर (पापणीचे केस वर वळवणारा चिमटा) मात्र जरूर वापरा. नकली पापण्या, लांब टोकाचा लायनर सध्या राहू द्या.

आणि एकच पापणी अचानक खाली आली असेल, तर मेकअप बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.