दवाखान्याची वेळ कुणी ठरवली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गडचिरोलीचं किंवा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी स्वतः चालवलेल्या दवाखान्यांचं कौतुक ठीक, पण तालुक्याच्या गावी सर्दी-ताप बघणाऱ्या डॉक्टरने त्यातून काय उचलायचं? बावीस वर्षं मी हेच सर्दी-ताप बघतोय, म्हणून लिहितो.

आधी रेडफर्न. सिडनीतल्या या वस्तीत १९७१ साली अ‍ॅबोरिजिनल कार्यकर्त्यांनी दुकानाच्या गाळ्यात दवाखाना काढला. इस्पितळांत मिळणाऱ्या वागणुकीमुळे लोक दुखणं अंगावर काढत होते. सुरुवातीला डॉक्टर विनामोबदला यायचे, पण कारभार वस्तीच्या हातात. म्हणजे डॉक्टरने काय करायचं ते पेशंटची माणसं ठरवणार! आज त्या देशात असे १४० हून जास्त दवाखाने आहेत आणि त्यांची संचालक मंडळं लोक निवडून देतात.

गडचिरोलीची ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था १९८६ मध्ये अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याने काढली. तिला ‘लोकांनी चालवलेली’ म्हणणं मला जरा ताणल्यासारखं वाटतं. पण विचारायचं कसं, ते तिथे शिकावं. दवाखान्यात का येत नाही, असं विचारल्यावर लोक म्हणाले: एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, नातेवाइकांना बाहेर काढतात, डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढऱ्यात आम्ही मढं गुंडाळतो. शिवाय तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाईक पेशंटसोबत राहू लागले, नाव ठेवलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. या चारांतलं एक तरी कारण आपल्याला एम.बी.बी.एस.ला शिकवलं होतं का?

नवजात बाळांचं काम तुम्ही ऐकलं असेलच. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या, वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. काही वर्षांत नवजात मृत्यू हजारी ६२ वरून साधारण २५ वर आले. आशाताईंचं आजचं घरभेटीचं काम त्यातूनच आलंय. तुमच्या गावच्या आशाताईंना पहिल्या आठवड्यातच भेटा. पेशंट पाठवा म्हणून नव्हे; कुणाच्या घरी काय शिजतं आणि कोण गोळ्या डब्यात तशाच ठेवतं, ते त्यांना ठाऊक असतं.

आता माझी फजिती. साखर वाढलेल्या एका मावशींना ‘जेवणानंतर एकेक, तीनदा’ लिहून दिलं. महिन्याने साखर तेवढीच. मी चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, मी दोनदाच जेवते.” तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतो, दिवसभरात किती वाजता काय खाता? अर्धा मिनिट लागतं, त्यात निम्मी औषधं बदलतात.

दुसरं, एका रविवारी दहा-बारा पेशंटना चहाला बोलावलं आणि विचारलं, इथे काय खटकतं? गर्दी, उशीर असलं काही येईल वाटलं होतं. एक बाई म्हणाली, वजनकाटा बाकासमोर आहे, सगळे बघतात, म्हणून मी उभी राहत नाही. दुसरी म्हणाली, कंपाउंडर भाऊ आजाराचं नाव मोठ्याने घेतात. काटा आत नेला, भाऊंना समजावलं (वेळ लागला, ते माझ्याहून जुने). बाजाराच्या दिवशी दवाखाना दुपारी बंद असायचा, तोही उघडा ठेवायला लागलो. खेड्यावरची माणसं एसटीने त्याच दिवशी येतात, हे मला बारा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

ती चहाची बैठक आता दर तीन महिन्यांनी होते. विषय तेच ठरवतात, मी लिहून घेतो. रेडफर्नपासून अजून कोसभर लांब आहे म्हणा. फी किती असावी, हा विषय त्यांनी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा मी चहा ओतायला उठलो.