वाचक विचारतात : गेलेल्या फादरांची आठवण ठेवायची कशी?

दोन नोव्हेंबर, म्हणजे कॅथलिकांचा मृतांचा दिवस, जवळ आला की या सदराला येणारी पत्रं बदलतात. एरवी प्रॉपर्टी आणि पोरांची लग्नं, आणि आता एकदम गेलेली माणसं. यंदा मिशनरी फादरांबद्दलची बरीच पत्रं होती म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच ठेवलाय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न (राहुरी तालुका) : आमच्या गावात एक स्विस फादर खूप वर्षं होते, म्हातारपणी मायदेशी गेले आणि तिकडेच वारले. चर्चची शताब्दी आहे आणि मंडळाने स्मरणिकेत त्यांच्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. ज्याला विचारावं तो म्हणतो "फार प्रेमळ होते, गरिबांचे कैवारी होते". यावर एक पान पण भरत नाही. माहिती काढू कुठून?

उत्तर : आधी "प्रेमळ" आणि "कैवारी" हे दोन्ही खोडून टाका. खोटं आहे म्हणून नाही हो, पण नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक फादरच्या फोटोखाली हेच छापलेलं असतं, त्यावरून तुमचे फादर शेजारच्या गावच्या फादरपेक्षा वेगळे कसे ते कुणाला कळणार? "फादर कसे होते" असं विचारलं की लोक तेच सांगणार, प्रश्नच तसा आहे. त्यापेक्षा विचारा की गाडी कुठली होती, पावसाळ्यात ती कुठे रुतायची, फादर कशावरून चिडायचे, भाकरी आवडायची का मुकाट्याने खायचे, विहिरीला मदत कुणाला केली आणि कुणाला नाही केली. शेवटचा प्रश्न अवघड आहे पण तो सोडू नका, ज्याला मिळालं नाही त्याच्या घरात आठवण जास्त पक्की असते. आणि हे सगळं सत्तरी-ऐंशीच्या माणसांकडे आहे, तेव्हा स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करायच्या आधी त्यांच्याकडे जा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि व्हॉट्सअॅपवर टाकून विसरू नका, कुठेतरी नीट सेव्ह करून ठेवा.

कागद म्हणाल तर पहिला कागद चर्चमध्येच आहे. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि दफनाचं रजिस्टर. प्रत्येक नोंदीखाली विधी करणाऱ्या फादरची सही असते, म्हणजे त्यांची पहिली सही कधी आणि शेवटची कधी एवढं बघितलं तरी ते गावात किती वर्षं होते ते कुणाच्या आठवणीवर न विसंबता कळतं. मध्येच सही गायब झाली तर ते सुट्टीवर गेले, आजारी पडले का बदली झाली ते शोधायचं. आत्ताच्या फादरांची परवानगी घ्या आणि रजिस्टरमधली लोकांची खाजगी माहिती छापू नका, दफनाच्या रजिस्टरात साथीच्या आणि दुष्काळाच्या वर्षी नोंदी कशा वाढल्या तेवढं मात्र जरूर लिहा.

दुसरं, "निरोप्या"चे जुने अंक. हे कॅथलिकांचं मराठी मासिक १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशुसंघीय (म्हणजे जेझुइट संघाच्या) फादरने सुरू केलं, आणि त्यांची स्वतःचीच गोष्ट बघा, १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले, पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इथे येणं बंद, मग १९२१ मध्ये रोमने त्यांना थेट जपानात हिरोशिमाला पाठवलं आणि १९२७ मध्ये ते परत पुण्याला आले. त्या युद्धात आपल्याकडच्या जर्मन फादरांना सरकारने नजरकैदेत टाकून मग बोटीने परत धाडलं होतं. तुमच्या गावच्या इतिहासात १९१४ नंतर एकदम नवी नावं दिसायला लागली तर त्यामागे बहुतेक हेच असेल.

तिसरं, फादरांचं माहेर. ही माणसं घरी पत्रं लिहायची, आईला, बहिणीला, आणि गावच्या चर्चला पण, कारण विहिरीचे आणि शाळेचे पैसे तिकडूनच यायचे. त्या पत्रांत आपलं गाव कसं दिसायचं ते वाचण्यासारखं असतं. त्यांच्या धर्मसंघाच्या स्वित्झर्लंडमधल्या ऑफिसला साधा ईमेल टाका, जन्मगाव, जन्मतारीख, दीक्षेचं वर्ष आणि मृत्युलेख विचारा. संघात प्रत्येक मेलेल्या माणसावर काही ना काही लिहून ठेवायची पद्धत असते.

आणि लिहायचं कसं, तर कामावरून माणूस दाखवायचा. आता हे फादर हर्मन बाखर घ्या. स्वित्झर्लंडचे, जन्म १९२४चा, १९४८ मध्ये भारतात आले, आयुष्य मुख्यतः नगर भागात काढलं, २०२१ मध्ये वारले. "पाणलोटाचे जनक" लिहून मोकळं होता येतं, बरेच जण होतात. पण बाखरांची पद्धत सांगा ना. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करायची, वर चर आणि झाडं, मग शेताची बांधबंदिस्ती, ओढ्यातला बंधारा सगळ्यात शेवटी. (पुढाऱ्यांना नेमका बंधारा आधी हवा असतो, फोटो तिथेच निघतो.) गावाने श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ती अट आधी मान्य मग काम. आणि आराखडा ऑफिसात बसून नाही, गट नंबर घेऊन नवराबायको दोघांबरोबर त्यांच्याच रानात चालत करायचा. पैसा जर्मन सरकारचा, मधे नाबार्ड, आणि गावात गावाची समिती, असा तो इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट काढली. यात प्रेमळ हा शब्द कुठेच नाही पण हट्टी, हिशेबी आणि पायी फिरणारा माणूस समोर उभा राहतो की नाही? तुमच्या फादरांनी असं काही केलं असेल तर चराईबंदीनंतर शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनांचं काय झालं ते पण विचारा. शेळी म्हणजे त्यांची बँक. त्यांच्याकडून येईल ते तसंच छापा.

प्रश्न (पुणे) : आमच्या शाळेचे जुने प्रिन्सिपॉल फादर वारले. आम्ही माजी विद्यार्थी बहुतेक हिंदू, दोघं मुस्लिम. महिना झाल्यावर होणाऱ्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जायचंय पण तिथे काय करायचं असतं माहीत नाही. हार, उदबत्ती चालते का?

उत्तर : चालते, बिनधास्त न्या. मराठी चर्चमध्ये उदबत्ती, समई, आरती बऱ्याच ठिकाणी असते. कबरीवर फुलं आणि मेणबत्ती. मिस्सा चालू असताना सगळे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा, गुडघे टेकायची सक्ती नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन भाकर घेतात तो कम्युनियन, तो फक्त कॅथलिकांसाठी असतो, तेव्हा जागेवर बसून राहिलात तर कुणाला काही वाटत नाही. प्रसाद समजून रांगेत शिरलात तर मात्र वाढणाऱ्या फादरची पंचाईत होते.

त्यांच्या नावाने मिस्सा करायची असेल तर चर्चच्या ऑफिसात नाव आणि तारीख द्या, लिहून घेतात, देणगी ऐच्छिक असते. पुढेही दरवर्षी पुण्यतिथीला करता येते. तुम्ही विसरलात तरी त्यांच्या घरात विसरत नाहीत, म्हणजे फादर राहतात त्या घरात, कारण संघांमध्ये मृतांच्या नावांची तारखेप्रमाणे यादी असते आणि त्या त्या दिवशी ते नाव वाचून प्रार्थना होते. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या, ज्याला आता बघितलेलं कुणी जिवंत नाही अशा माणसाचं नाव पण त्या तारखेला येतंच. मला स्वतःला कॅथलिकांची ही पद्धत फार आवडते, बायकापोरं नसलेल्या माणसाचं नाव घ्यायची जबाबदारी कुणावर तरी टाकून ठेवलीय.

अजून एक, अंत्यविधीला गेला असाल तर कदाचित पाहिलं असेल. जुन्या रीतीप्रमाणे साध्या माणसाची शवपेटी चर्चमध्ये पाय वेदीकडे करून ठेवतात आणि फादरची उलटी, डोकं वेदीकडे, म्हणजे तोंड लोकांकडे. हयातभर जसे उभे राहिले तसेच.

प्रश्न (वसई) : मिशनरी म्हटलं की सगळे गोऱ्या फादरांबद्दलच का बोलतात? आपले कुणी बाहेर गेलेच नाहीत का?

उत्तर : गेले की! गोव्याचे फादर जुझे वाझ, बाणावलीला १६५१ मध्ये जन्म. तेव्हा लंकेच्या किनाऱ्यावर डच राज्य करत होते आणि त्यांनी कॅथलिक फादरांना बंदी घातली होती, म्हणून हा माणूस १६८७ मध्ये मजुराच्या वेषात तिथे उतरला. लंकेच्या आतल्या भागात कँडीचं राज्य होतं, तिथल्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकला. पुढे तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा यांनी त्या टाकलेल्यांची सेवा केली आणि राजाचं मन फिरलं. तमिळ आणि सिंहली शिकले, गोव्याला परत आलेच नाहीत, १६ जानेवारी १७११ ला कँडीत वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी कोलंबोला जाऊन त्यांना संत जाहीर केलं. तुमच्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या हद्दीतून, ओरिसा, ईशान्य भारत, आफ्रिका असे गेलेले फादर-सिस्टर असतील, त्यांची यादी करायला घ्या, मी छापतो.

प्रश्न (कोल्हापूर) : तुम्ही नुसते गोडवे गाता. धर्मांतरं, गोव्यात पाडलेली देवळं, याबद्दल कधी लिहिणार? का मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये?

उत्तर : आत्ता लिहितो. गोव्यात साष्टी भागातली देवळं पोर्तुगीजांनी १५६७ च्या सुमारास पाडली, ढीगभर पाडली, आणि मिशनरी त्या सत्तेच्या बरोबरीनेच फिरत होते. २५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशुसंघीयांना मारलं, चर्चसाठी जागा बघायला आले होते. त्यातले रुदोल्फ अॅक्वाविवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परत आलेले. मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. चर्चने त्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. प्रमुखांचं स्मारक कुंकळ्ळीत फार उशिरा झालं. माझं मत विचाराल तर त्या पाचांची आठवण काढताना त्या प्रमुखांची पण काढावी, त्याच गोष्टीतली माणसं आहेत, एकांची सांगून दुसऱ्यांची गाळली तर गोष्टच कळत नाही.

आणि याच साष्टीत तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स होते, इंग्रज, १५७९ मध्ये गोव्याला आलेले, त्या पाच जणांचे देह ताब्यात घेऊन दफन करण्यात त्यांचाही सहभाग होता. पुढे याच माणसाने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापलं, तीन वर्षांनी वारले. शाळेत आपल्याला फक्त क्रिस्तपुराण शिकवतात, कुंकळ्ळी कुणी सांगत नाही.

नगरकडची धर्मांतरं वेगळी. तिथे राज्य इंग्रजांचं, तलवार नव्हती पण १८७६-७८ चा दुष्काळ होता. धान्य मिळालं म्हणून आलेली कुटुंबं होती, जातीचा जाच सुटेल म्हणून आलेली होती, मनापासून विश्वास बसलेली होती, आणि खूप घरांत ही तिन्ही कारणं एकत्रच असणार, भुकेल्या माणसाच्या मनाचे असे कप्पे पाडता येत नाहीत. जात चर्चमध्ये पण पाठोपाठ आलीच. राहुरीच्या वाचकाने स्मरणिकेत हे पण घ्यावं. फादरच्या मोठेपणाला त्याने काही होत नाही.

प्रश्न (मनमाड) : आमच्याकडचे जुने लोक फेरर फादरचं नाव अजून काढतात. पण त्यांनी नंतर लग्न केलं, फादरपण सोडलं. दिवंगत मिशनऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घालावं का? कमिटीत यावरून दोन गट पडलेत.

उत्तर : घाला, आणि काही लपवू नका. विन्सेंट फेरर, बार्सिलोनाचे, जन्म १९२०, १९५२ मध्ये भारतात आले. मनमाड भागात शेतकऱ्यांना विहिरी खणायला मदत केली, फुकट वाटप नाही, खणणाऱ्याने खणायचं आणि तोपर्यंत घर चालावं म्हणून धान्य. संघटना वाढली तसे विरोधकही वाढले आणि १९६८ मध्ये सरकारने देश सोडायला सांगितलं. त्यावर हजारो शेतकरी मुंबईपर्यंत मोर्चा घेऊन गेले, आकडा तीस हजारांचा सांगतात. इंदिरा गांधींनी मधे पडून त्यांना परत येऊ दिलं पण महाराष्ट्रात नाही, १९६९ मध्ये ते आंध्रात अनंतपूरला गेले, पुढच्या वर्षी येशुसंघ सोडला, अॅन पेरी यांच्याशी लग्न केलं, दोघांनी मिळून तिथे रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभी केली. १९ जून २००९ ला अनंतपूरलाच वारले.

आता यादीचं. यादीचं शीर्षक "दिवंगत धर्मगुरू" असेल तर नाव नको म्हणणारा गट नियमाने बरोबर आहे, मरताना ते धर्मगुरूचं काम करत नव्हते. शीर्षक बदला, "मनमाड मिशनमध्ये काम केलेले" करा, वाद संपला. नावापुढे १९५२ ते १९६८ लिहा, खाली एका ओळीत संघ सोडल्याचं, लग्नाचं आणि अनंतपूरचं लिहा, कंसात नाही, सरळ ओळीत. आणि कमिटीतल्या दोन्ही गटांना एकेक काम द्या, फेररांच्या मदतीने खणलेल्या विहिरींपैकी कुठल्या अजून चालू आहेत आणि कुठल्या बुजल्या ते शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन विचारून या. ती यादी पण मला पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतो.