वॉरलॉक म्हणजे जादूगार नव्हे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक पात्रे घेऊन खेळायच्या खेळातील 'वॉरलॉक' या क्लासला मराठीत 'जादूगार' म्हणावे काय आणि सबक्लासला, म्हणजे क्लासच्या पोटभेदाला, 'उपजात' हा शब्द चालेल काय, असे आपण विचारले आहे. दोन्ही चालणार नाहीत. क्लास हा पात्राचा पेशा असतो, जन्माने येणारी जात निराळी. आणि २०२४च्या नियमांप्रमाणे तिसऱ्या पातळीला पोहोचल्यावर निवडायची गोष्ट उपजात कशी होईल?

'जादूगार' मात्र मला फार दिवस खुपतो आहे, कारण विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या तिघांनाही तो सरसकट चिकटवला जातो. विझर्ड सहा मंत्रांच्या पोथीपासून अभ्यासाला लागतो, सॉर्सररच्या अंगातच विद्या असते आणि वॉरलॉक ती एखाद्या सैतानाशी किंवा परीलोकातील धन्याशी करार करून मिळवतो.

आता मूळ पाहा. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'वॅरलोगा' असा होता. 'वॅर' म्हणजे दिलेले वचन आणि 'लोगा' म्हणजे खोटे बोलणारा. अर्थात वचनभंग करणारा, बेइमान. पुढे तो खुद्द सैतानाला लागला आणि मग त्याच्याशी संधान बांधणाऱ्या पुरुषाला. भुतांना बोलावण्याच्या नॉर्स गाण्यांच्या 'वर्दलोक्कुर' या नावावरून तो आला असे जे पंडित ठासून सांगतात, त्यांनी जुन्या इंग्रजीची पाने उलटण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. गंमत अशी की, खेळातला वॉरलॉक कराराला बांधलेला, आणि डंजन मास्टरसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या, २०१४च्या मार्गदर्शक ग्रंथात 'ओथब्रेकर', म्हणजे तंतोतंत वॅरलोगा, हा सबक्लास गेला शपथेवर जगणाऱ्या पॅलाडिन या योद्ध्याच्या वाट्याला!

काही जण 'चेटक्या' सुचवतात. संस्कृत नाटकांत 'चेट' म्हणजे चाकर. 'चेटूक' त्याच्याशीच जोडलेले असावे, म्हणजे चाकरीला लावलेल्या भुताकरवी साधलेली विद्या, असे माझे अनुमान आहे आणि ते कोणाला पटो न पटो, मी सोडणार नाही. तसे असेल तर चेटक्या हा धनी ठरतो, आणि वॉरलॉक तर स्वतःच चाकर. 'करारी' म्हणावे, तर मराठीत त्याचा अर्थ बाणेदार. म्हणून मी 'अंकित' सुचवतो.

सबक्लास राहिलाच. त्याला 'शाखा' पुरे. अंकिताची शाखा तर धन्यावरूनच ठरते, तेव्हा त्याला 'कोणाचा?' एवढेच विचारावे.