जुनी फियाट घ्यावी का, की हवामानाचा विचार करून हौसेला आवर घालावा?

प्रश्न: निवृत्तीनंतर एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, घ्यावी, नीट करून रविवारी फिरवावी अशी फार वर्षांची इच्छा आहे. इंजिनिअरिंगला असलेली मुलगी म्हणते, "जग तापतंय आणि बाबा, तुम्ही धूर सोडायला पैसे मोजताय." आजच्या काळात ही हौस खरंच चुकीची आहे का?

उत्तर:

घ्या. पण मुलीला गप्प करायला जुन्या गाडीवाले जे मुद्दे तुमच्या हातात देतील ते वापरू नका, कारण त्यातले बरेचसे लंगडे आहेत. माझ्याकडे १९८६ सालची पद्मिनी आहे. पुण्यात आहे, चालू आहे, आणि सोसायटीत तिला नावं ठेवणारेही आहेत. त्यामुळे दोन्ही बाजू मला पाठ आहेत.

आधी हिशेब. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मग गाडी कालची असो की चाळीस वर्षांपूर्वीची. १०८९ सीसीची, नीट ट्यून केलेली पद्मिनी लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. कधी सिंहगडाचा पायथा, कधी लोणावळा, कधी वाई, असं करत वर्षाला हजार किलोमीटर झाले असं धरा. म्हणजे नव्वदेक लिटर पेट्रोल आणि दोनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन पडतो, त्याचा हा दहावा हिस्सा. अगदीच किरकोळ नाही, मुलीला तेवढं कबूल करून टाका. पण मुंबईहून दिल्लीला विमानाने जाऊन परत आलात तरी तुमच्या एकट्याच्या वाट्याला जवळपास एवढाच येतो, आणि भाच्याच्या लग्नाला विमानाने गेलात म्हणून घरात कुणी जाब विचारत नाही.

हीच गाडी रोज तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस चालवलीत तर मात्र आकडा दोन टनांच्या जवळ जातो. आजची लहान पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात सव्वा टनाच्या आत राहील. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते, तरी विजेवरची लहान गाडी टनाच्या खाली राहील. म्हणजे प्रश्न गाडीच्या वयापेक्षा ती किती फिरते याचा जास्त आहे.

आता तो लाडका युक्तिवाद: "नवी गाडी बनवताना कित्येक टन कार्बन हवेत जातो, आम्ही जुनीच वापरतो म्हणजे पर्यावरणच वाचवतो." यातला पहिला भाग खरा आहे. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक, काच धरून एक मध्यम गाडी बनवताना पाच ते दहा टनांच्या दरम्यान उत्सर्जन होतं असे अंदाज आहेत, आणि मोठी बॅटरी असेल तर आकडा आणखी चढतो. पण हे तुमचं श्रेय कधी? पद्मिनी असल्यामुळे तुम्ही नवी गाडी घेतलीच नाहीत तर. मी ओळखतो त्या प्रत्येक हौशी माणसाकडे पद्मिनीच्या शेजारी एक एसीवाली गाडी उभी असते. माझ्याकडेही आहे, कारण मे महिन्यात आईला दवाखान्यात न्यायचं तर पद्मिनीत बसवणं हा अत्याचार होईल. तेव्हा वाचवलं काहीच नाही, एक हौस वाढवली. हौसेला हौस म्हणावं. तिला पर्यावरणसेवेचा टिळा लावला की मुलगी हसणार, आणि तिने हसावंच.

मुलीचं जिथे खरं बरोबर आहे तो मुद्दा बहुधा तिने मांडलेलाच नाही. हवामानापेक्षा हवा जास्त गंभीर आहे, म्हणजे आपल्या गल्लीतली, नाकातोंडात जाणारी हवा.

पद्मिनीतला कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र, अंदाजपंचे चालतं. हवेच्या ओढीने जेटमधून, म्हणजे एका बारीक छिद्रातून, पेट्रोल खेचलं जातं. ते पूर्ण जळलं की नाही हे त्याला कळायची सोय नाही. नव्या गाडीत सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो सतत इंजिनाला सांगतो की जास्त झालं, कमी कर. शिवाय पुढे धुरातले विषारी वायू बरेचसे निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. १९८६च्या गाडीत तो असण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे तिच्या मागे उभं राहिलं की जो ओळखीचा वास येतो, ज्याला आम्ही लोक प्रेमाने "जुन्या गाडीचा वास" म्हणतो, तो कार्बन डायऑक्साइडचा नव्हे, त्याला वासच नसतो. तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा आहे. सोबत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. उन्हात याच मसाल्यातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो.

पीयूसीचे नियम पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. भारत स्टेज (प्रदूषणाच्या सरकारी नियमांचे टप्पे) २ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १५०० पीपीएम हायड्रोकार्बन चालतो. भारत स्टेज ४ च्या गाडीला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. म्हणजे माझी गाडी दसपट कार्बन मोनॉक्साइड सोडूनही "पास" होते, आणि मी तो कागद काचेवर ऐटीत लावू शकतो. कागद खरा आहे, पण त्याचा अर्थ "स्वच्छ" असा नाही. "तिच्या पिढीच्या मानाने बरी" एवढाच आहे.

म्हणूनच काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईतून गेल्या त्याचं मला वाईट वाटलं, पण चुकीचं वाटलं नाही. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतपणे एकही उरली नाही. त्या वेळी हळहळणाऱ्यांत दिवसभर त्या सीटवर बसून धूर खाणारा ड्रायव्हर किती जणांना आठवला? रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणारी टॅक्सी आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी हौशी गाडी यांना एकच न्याय लावता येत नाही, दोन्ही दिशांनी.

आता तुमच्या हातात काय आहे ते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चोक ओढून, दहा मिनिटं रेस देत "इंजिन गरम करणं" हा प्रकार पूर्ण बंद. चोकवर मिश्रण मुद्दाम पेट्रोलकडे झुकवलेलं असतं, सगळ्यात जास्त विष तेव्हाच बाहेर पडतं, आणि ते शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरतं. इंजिनाचंही भलं होत नाही. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. स्टार्ट करा, अर्ध्या मिनिटात हळू निघा, चोक जमेल तितक्या लवकर आत ढकला. पॉइंटचा गॅप, टायमिंग, टॅपेट, एअर फिल्टर हे वेळच्या वेळी बघून घ्या. प्लग काढून बघायची सवय ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरलेलं काळं असेल तर तुमचे पैसे आणि लोकांची फुप्फुसं दोन्ही जळताहेत. कार्बोरेटर कानाने लावणारे जुने मिस्त्री आता थोडे उरलेत. असा एखादा सापडला तर त्याच्याशी भांडू नका, आणि त्याच्या हाताखालच्या पोराला शिकवायला सांगा. या हौसेचा समाजाला काही उपयोग असेल तर तो एवढाच. वस्तू उघडून दुरुस्त करता येते हे ज्ञान गॅरेजबाहेर फारसं उरलेलं नाही.

ब्रेकचे ड्रम उघडले की आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला लावा. मिस्त्री हसेल, हसू दे.

इथेनॉलचं प्रकरण वेगळंच आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांच्या कृपेने. पद्मिनीच्या काळचं रबर यासाठी बनलेलंच नाही. होज, फ्युएल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग फुगतात, मऊ पडतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं ही मग हवामानाची नव्हे, आगीची काळजी असते. घेतल्या घेतल्या हे सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं बसवून घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेत विचारा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. मध्ये मध्ये फिरवणं हाच उपाय. गंमत अशी की इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण हलकं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड थोडा कमी होतो, पण गाडी अडखळायला लागते आणि अ‍ॅव्हरेजही घटतं. मिस्त्री मग मेन जेट मोठा करतो आणि ती बचत बरीचशी परत जाते.

इलेक्ट्रिक किट बसवावं का? हे तुम्ही विचारलेलं नाही, मुलगी विचारेल. रोज वापरायची असेल तर मंजूर झालेलं किट आरटीओच्या परवानगीने बसवण्यात अर्थ आहे. वर्षाला हजार किलोमीटरसाठी नवी बॅटरी बनवायला लावण्यात मला नाही दिसत. आणि खरं सांगू, स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर दुसऱ्यात टाकताना जो खटका बसतो तो गेला तर मी ती गाडी ठेवणार नाही.

कायद्याचं त्रांगडं समजून घ्या. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मोठे बदल न केलेली गाडीच "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. तिला नंबरात "व्हीए" अक्षरं मिळतात आणि ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. जर्मनीत अशी मान्यता ३० वर्षांना मिळते. लंडनमध्ये ४० वर्षांपुढच्या ऐतिहासिक गाड्यांना प्रदूषण-शुल्कातून सूट आहे. आपल्याकडे पद्मिनी हे नाव लागलं १९७४ मध्ये, म्हणजे बहुतेक पद्मिनींना अजून व्हिंटेज व्हायला वेळ आहे. माझी २०३६ मध्ये पात्र होईल, मी असेन की नाही ते बघू. तोवर तिला साधी जुनी गाडी म्हणून वागवलं जातं. दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, पर्यावरण कर वेगळा, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये. फी वाढली याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की वर्षाला हजार किलोमीटर फिरणारी आणि वीस हजार फिरणारी यांना एकच फी. किलोमीटरची मर्यादा घाला, मीटर तपासा, मी आनंदाने सही करीन.

गाडी बघायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका. पायाखालची मॅट उचलून पत्रा बघा, जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर जवळच्या पीयूसी सेंटरवर न्या आणि पास-नापास न विचारता कार्बन मोनॉक्साइडचा आकडा विचारा. तीनच्या जवळ असेल तर कार्बोरेटरचं काम आहे. ट्यूनिंगनंतरही खाली येत नसेल आणि निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणजे इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा करा. इंजिन उघडलंत तर व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवून घ्या. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही आणि मूळच्या सीटा त्याच्या भरवशावर बनवलेल्या होत्या. आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळत नसेल, तर मालक कितीही गोड बोलला तरी बयाणा देऊ नका.