तंत्रज्ञानाचे गाडे कुठे अडते आणि कशाने सुटते

आपला प्रश्न असा आहे की, गेल्या पाच-सहा दशकांत तंत्रज्ञानाचे कोणते मोठे प्रवाह आले आणि त्यांच्याकडे पाहून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल काही भरवशाने सांगता येते का. माझ्या मते सांगता येते, पण त्यासाठी प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागतो. ‘पुढे कोणता शोध लागेल’ या प्रश्नातून फारसे हाती लागत नाही, कारण एखाद्या दशकावर ज्या वस्तूंची छाप पडली, त्यांपैकी बहुतेक वस्तू त्याआधी वीस-तीस वर्षे कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत चालत्या अवस्थेत होत्याच. विचारायचे ते हे, की या वस्तूचे गाडे आज कशावाचून अडले आहे, आणि ते जे काही अडलेले आहे ते दर वर्षी थोडे थोडे स्वस्त होत आहे की नाही. मी बावीस वर्षे नेटवर्क उभारणीच्या कामात आहे आणि माझे हे मत त्या कामातूनच बनले आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

चित्रासह दूरध्वनी ही कल्पना घ्या. एटी अँड टी या कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यापारी सेवा सुरू केली. यंत्र उत्तम चालत होते. समोरच्याचा चेहरा दिसत होता आणि आवाज स्पष्ट येत होता. तरीही महिन्याला १६० डॉलर मोजून ते घेणारे ग्राहक जेमतेम काही शेच मिळाले आणि थोड्याच वर्षांत सेवा गुंडाळावी लागली. लोकांना एकमेकांचे चेहरे पाहायचेच नसतात, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो निष्कर्ष साफ चुकीचा होता. अडचण तारेत होती. आवाज वाहून नेण्यास तारेवर सुमारे तीन-चार किलोहर्ट्झ एवढी जागा पुरत असे, तर पिक्चरफोनच्या चित्राला एक मेगाहर्ट्झ लागे, म्हणजे एका चेहऱ्यासाठी जवळपास तीनशे संभाषणांची जागा अडत होती. अशी सेवा स्वस्त होणे शक्यच नव्हते, आणि स्वस्त नाही म्हणून ज्यांना फोन करावा त्यांच्याकडेही ते यंत्र नव्हते.

हे गाडे सुटले ते तीन वेगळ्या कामांमुळे, आणि त्यांतली दोन पिक्चरफोनच्याच काळात सुरू झाली होती. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली आणि एक किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहिला, तरी काचेच्या तंतूतून संदेश पाठवणे परवडेल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. दुसरे काम मला विशेष प्रिय आहे. जानेवारी १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीवर एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन सावकाश बदलणाऱ्या आणि झपाट्याने बदलणाऱ्या लहरींची बेरीज म्हणून मांडायचा, आणि ज्या झपाट्याच्या लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्या ढोबळ करायच्या किंवा टाकूनच द्यायच्या. चौसष्ट आकड्यांपैकी पुष्कळदा दहा-बाराच उरतात आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. १९९२ मध्ये आलेले जेपेग छायाचित्रांचे प्रमाण याच पद्धतीवर उभे आहे आणि चलचित्रे आकसण्याच्या पद्धतीही मुख्यतः तिच्यावर किंवा तिच्या भावंडांवर चालतात. तिसरे काम १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत झाले. अवकाशयानातले कॅमेरे लहान करावेत म्हणून एरिक फॉसम यांच्या चमूने सीमॉस संवेदक, म्हणजे प्रकाश टिपून त्याचे विद्युत संकेत करणारी चिप, विकसित केला, आणि पुढे तोच प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाऊन बसला.

मी कामाला लागण्याआधी शिकत होतो, तेव्हा ५६ किलोबिटच्या मोडेमवर छायाचित्र वरून खाली एकेका पट्टीने उतरताना मी पाहिले आहे. सेकंदाला फार तर सात किलोबाइट येत, म्हणजे एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरण्यास सर्व काही सुरळीत चालले तरी अडीच मिनिटांच्या आसपास लागत. त्या पडद्यासमोर बसून, याच जोडणीवरून कधी हलते चित्र दोन्ही बाजूंनी वाहील, असे कोणी म्हटले असते तर मी विश्वास ठेवला नसता. पण फायबरची वहनक्षमता, चिपची गणनशक्ती आणि संवेदकाची किंमत या तिन्हींचे आलेख मांडून पाहिले असते, तर हा अंदाज तेव्हाही करता आला असता.

आलेख पाहून केलेला सर्वांत यशस्वी अंदाज गॉर्डन मूर या चिपतज्ज्ञांचा आहे. १९६५ मध्ये, एका चिपवर जेमतेम पन्नास-साठ घटक बसत असताना, त्यांनी ही संख्या दर वर्षी दुप्पट होत १९७५ पर्यंत ६५,००० होईल असे लिहिले. १९७५ मध्ये त्यांनीच हा वेग दर दोन वर्षांना दुप्पट असा सुधारला. १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरवर असे २,३०० घटक, म्हणजे ट्रान्झिस्टर, होते. २०२० च्या ॲपल एम१ चिपवर १,६०० कोटी आहेत. मात्र त्या लेखातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. मूर यांनी घरगुती संगणक, मोटारींची स्वयंचलित नियंत्रणे आणि जवळ बाळगण्याजोगी व्यक्तिगत संपर्कसाधने येतील असे त्यात लिहून ठेवले होते, आणि या तिन्ही गोष्टी आल्या. प्रत्येक घटकाचा खर्च कुठे चालला आहे हे त्यांनी पाहिले आणि त्या खर्चात काय काय बसेल एवढाच विचार केला.

मोबाइलचीही कथा अशीच. मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल ३ एप्रिल १९७३ रोजी केला. विक्रीला आलेला पहिला संच १९८३ मधला, ३,९९५ डॉलरचा, आणि त्यावर अर्धा तास बोलता येई. तो अडला होता बॅटरीवाचून आणि चिपवाचून. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि २००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा त्यातला जवळपास प्रत्येक भाग आधीच कुठेतरी वापरात होता.

कधी गाडे अडते ते तंत्रावाचून अडत नाही, निर्णयावाचून अडते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या वेबला १९९० च्या दशकाच्या आरंभी इंटरनेटवरची माहिती शोधण्याचा ‘गोफर’ नावाचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. १९९३ मध्ये गोफर बनवणाऱ्या मिनेसोटा विद्यापीठाने काही वापरांसाठी परवाना शुल्क जाहीर केले, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबचे सारे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पुढची तीस वर्षे कोणाची, हे ठरण्यात एका कागदावरच्या त्या निर्णयाचा फार मोठा वाटा होता.

चुकलेल्या अंदाजांमधूनही तितकेच शिकता येते. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस म्हणाले होते की, पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की ती मीटरने मोजण्याचीही गरज उरणार नाही. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखवला, जो सूर्यप्रकाशाच्या जेमतेम सहा टक्के उर्जेची वीज करत होता. तेव्हा पैज लावायची असती तर कोणीही अणुभट्टीवरच लावली असती. पण अणुभट्टी हे प्रत्येक वेळी नव्याने उभे करायचे प्रचंड बांधकाम आहे, तर सौरघट कारखान्यात लाखोंच्या संख्येने निघणारी वस्तू आहे. एकूण उत्पादन दुप्पट झाले की सौरपट्ट्यांची किंमत सुमारे वीस टक्क्यांनी उतरते, असा दीर्घकाळचा अनुभव आहे, आणि त्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यात प्रतिवॅट शंभर डॉलरच्या घरात असलेली किंमत आज अर्ध्या डॉलरच्याही खाली आली आहे. प्रवासी विमानांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. १९७६ ते २००३ या काळात काँकॉर्डने ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेले, तरी आजची विमाने १९५८ च्या बोइंग ७०७ इतक्याच वेगाने उडतात, कारण हवेचा रोध आणि इंधनाचा खर्च कितीही विमाने बनवली तरी उतरत नाही.

यात आणखी एक उशीर असतो आणि अंदाज बांधणारे तो नेहमी विसरतात. एडिसनचे पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी १८९९ मध्ये अमेरिकी कारखान्यांतल्या यांत्रिक शक्तीचा पाच टक्क्यांहून कमी हिस्सा विजेच्या मोटारींचा होता. निम्म्यापर्यंत पोहोचायला १९२० उजाडले. वाफेच्या इंजिनाभोवती बांधलेल्या कारखान्यात छताखाली एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्राला जात. मालकांनी आधी इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली, दांडा आणि पट्टे तसेच ठेवले, आणि फायदा थोडाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार देऊन, कामाच्या क्रमाने यंत्रे मांडून, एकमजली प्रशस्त कारखाने बांधले गेले तेव्हा उत्पादकतेने खरी झेप घेतली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये नोंदवले होते की संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. ती वाढ अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर दिसू लागली.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ, कारण आपल्या प्रश्नाचा रोख बहुधा तिच्याकडेच असावा. हे नाव १९५६ च्या डार्टमथ परिषदेच्या निमित्ताने रूढ झाले. हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूवेल यांनी त्यानंतर लवकरच, दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल असे सांगितले; आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने जगज्जेते कास्पारोव्ह यांना हरवले ते १९९७ मध्ये. दिशा बरोबर होती, मुदत मात्र चौपट झाली. न्यूरल नेटवर्कना, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यांना, शिकवण्याची पद्धत १९८६ मध्येच सर्वज्ञात झाली होती. तिचे गाडे अडले होते ते उदाहरणांवाचून आणि गणनशक्तीवाचून. २०१२ मध्ये इमेजनेट या चित्रसंग्रहातली सुमारे बारा लाख चित्रे आणि खेळांसाठी बनलेली दोन ग्राफिक्स कार्डे एकत्र आली, आणि चित्र ओळखण्यातल्या चुका आधीच्या सव्वीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांपर्यंत उतरल्या. २०१७ ची ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची नवी रचना आणि नोव्हेंबर २०२२ मधील चॅटजीपीटी हे याच रस्त्यावरचे पुढचे टप्पे आहेत.

माझा अंदाज असा, की जिथे उत्तर तपासणे स्वस्त आहे तिथे ही बुद्धिमत्ता झपाट्याने पसरेल. संगणकाचा प्रोग्राम चालवून पाहता येतो. प्रथिनाचा भाकीत केलेला आकार प्रयोगाशी ताडून पाहता येतो, आणि म्हणूनच हे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीच्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल इतक्या लवकर मिळाले. जिथे चूक झाली हे कळायलाच वर्षे लागतात, उदाहरणार्थ रोगनिदान, न्यायदान किंवा मुलांचे शिक्षण, तिथे ती सावकाश यावी आणि सावकाशच येईल. सध्या बहुतेक संस्थांनी जुन्या दांड्याला नवी मोटार जोडलेली आहे, एवढेच झाले आहे. कामाची मांडणी बदलायला दहा-पंधरा वर्षे लागतील असे मी धरून चालतो. या क्षेत्राची दुसरी अडचण विजेची आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाप्रमाणे डेटा सेंटर २०२४ मध्ये जगाच्या सुमारे दीड टक्का वीज वापरत होती आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल. मी ज्या प्रकल्पांवर काम केले त्यांत यंत्रे येऊन पडलेली असत आणि वीजजोडणीची वाट पाहण्यात महिने जात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सौरऊर्जा आणि बॅटरी यांवर मी निःशंकपणे पैज लावीन. बॅटरीसंचांची किंमत २०१० पासून सुमारे नव्वद टक्के उतरली आहे. चालकविरहित गाड्या शहरागणिक येतील, एकदम सगळीकडे येणार नाहीत. अणुसंमीलनाचे, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याचे म्हणाल, तर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात लेझरच्या २.०५ मेगाज्यूल उर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाली हे मोठे यश आहे, पण ते लेझर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल खर्च झाली होती. पुढच्या वीस वर्षांत घरोघरी ती वीज पोहोचेल असे मला वाटत नाही.

जनुक-संपादनाविषयी मात्र मी मनापासून आशावादी आहे. जनुके नेमक्या जागी कापण्याची क्रिस्पर ही पद्धत २०१२ मधली आणि तिच्यावर आधारलेल्या, सिकलसेल या रक्तविकारावरच्या पहिल्या उपचाराला मान्यता २०२३ मधली, हा वेग वैद्यकात असामान्य आहे. आज त्या उपचारात अस्थिमज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत दुरुस्त कराव्या लागतात, रुग्णाला तीव्र केमोथेरपी द्यावी लागते, आणि अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. गाडे अडले आहे ते दुरुस्तीचे साहित्य शरीराच्या आत नेमक्या पेशीपर्यंत पोहोचवण्यापाशी. यकृतापर्यंत ते सलाइनवाटे नेता येऊ लागले आहे. मज्जेपर्यंत तितकेच सहज पोहोचले, की या उपचाराचा खर्च आणि यातना दोन्ही कमी होतील, आणि मी त्या बातमीची वाट पाहतो आहे.

क्वांटम संगणकाबाबत एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. आजच्या काही प्रमुख गुप्तलेखन पद्धती तो मोडू शकेल हे पीटर शॉर यांनी १९९४ मध्येच गणिताने दाखवले, आणि तेवढा मोठा संगणक अजून कोणाकडेही नसला तरी अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या पलीकडे टिकतील अशा तीन पद्धती जाहीर केल्या. कारण आज टिपून ठेवलेले संदेश वीस वर्षांनीही उलगडता येतील. एरवी यंत्र आधी येते आणि त्याची तजवीज मागून होते. इथे तजवीज आधी झाली आहे, आणि प्रचलित ब्राउझरमध्ये त्यांतली एक पद्धत वापरातही आली आहे.