पोफळी गेल्या, आता वाडीत काय लावू?

प्रश्न : दिवेआगरला आमची पंधरा गुंठ्यांची वाडी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बहुतेक पोफळी आणि निम्मे माड आडवे झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं आणखी दोन माड मोडले. आता दुपारी मागच्या पडवीत बसवत नाही इतकं ऊन येतं, शेवाळ असायचं तिथं गवत माजलंय. सासूबाई म्हणतात, पाऊस पडला की पोफळी लावा. हे म्हणतात, मोकळ्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधू. काय करावं? – एक वाचक, जि. रायगड

उत्तर : ताई, सासूबाईंचं खरं आहे, फक्त एक वर्ष थांबा. पोफळीचं रोप उघड्या उन्हात लावलंत तर दक्षिण-पश्चिमेच्या उन्हानं त्याचं खोड त्या अंगाला पिवळं पडतं, करपतं आणि पुढं तडकतं. म्हणून यंदा केळी लावा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सावली होईल, मग केळींच्या आडोशाला नऊ-नऊ फुटांवर पोफळी. तोवर ऊन आलंच आहे तर हळद, सुरण करा. घरच्या आमटीभाजीला तरी होईल.

रोपं विकत घेण्याआधी वाडीत उभ्या राहिलेल्या जुन्या पोफळींकडे बघा. तुमच्याकडची जात श्रीवर्धनी रोठाच असणार. चांगल्या झाडाची पूर्ण पिकलेली सुपारी सालासकट पाण्यात टाका. देठाकडची बाजू वर करून जी उभी तरंगते तिचं रोप जोमदार होतं, ती बियाण्याला ठेवा.

आता यजमानांचं. त्यांना हसू नका. निसर्ग वादळानंतर सरकारनं बागांच्या भरपाईला हेक्टरी ५० हजार जाहीर केले, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, आणि पोफळ धरायला पाच-सात वर्षं. मधल्या काळात घर कशावर चालवायचं? रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या बांधा की. मात्र विहिरीकडची जमीन सोडू नका. पाहुणा समुद्रासाठी येतो खरा, पण उतरायला वाडीतलंच घर शोधतो. पत्र्याखाली तापायला मुंबईहून कोण येईल?

तुम्ही विचारलं नाहीत, पण पडलेले माड अजून तिथंच असतील तर हे काम सगळ्यात आधी करा. कुजक्या ओंडक्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. ओंडका फोडलात तर आत पांढऱ्या, वाकड्या, बोटाएवढ्या जाड अळ्या सापडतील. त्यांचे भुंगे झाले की ते वाचलेल्या माडांचा न उमललेला कोंब पोखरतात आणि नवी झावळी कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी बाहेर येते. अशी झावळी दिसली तर शेंड्यातलं भोक शोधून तारेच्या आकड्यानं भुंगा ओढून काढायला सांगा. ओंडके चिरून जळणाला द्या, नाहीतर वाडीबाहेर तरी न्या. शेणखताचा खड्डाही एकदा उपसून बघा, त्याच अळ्या तिथंही असतात.