विषाणू गेला, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह का?

प्रश्न : मला हिपॅटायटिस सी होता. १२ आठवडे गोळ्या घेतल्या. त्या संपल्यानंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही, 'बरे झालात' असे डॉक्टरांनी सांगितले. आता एका ऑपरेशनआधीच्या तपासणीत 'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह' आले आणि घरचे हादरले. आजार उलटला का? एक नातेवाईक म्हणतात, उलट चांगलेच झाले, अँटिबॉडी आहेत म्हणजे आता पुन्हा होणार नाही. खरे काय मानायचे?

उत्तर : या रिपोर्टवरून आजार उलटला असे ठरत नाही. ही चाचणी हिपॅटायटिस सीचा विषाणू (एचसीव्ही) शोधतच नाही. तुमच्या शरीराने त्याच्याविरुद्ध केलेल्या अँटिबॉडी ती शोधते, आणि त्या बहुतेकांच्या रक्तात विषाणू गेल्यावरही वर्षानुवर्षे राहतात. आज विषाणू आहे का, हे कळायला एचसीव्ही आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी लागते. हा फरक कोणी न सांगितल्यामुळे बरे झालेली माणसे रडवेली होऊन माझ्यासमोर बसतात, आणि मला दर वेळी वाईट वाटते.

नातेवाइकांचे म्हणणे मात्र मनातून काढून टाका. हिपॅटायटिस ए एकदा झाला की जन्मभर संरक्षण मिळते, त्यावरून हा समज झाला असावा. सी विषाणू आपले बाह्यरूप सतत बदलतो, त्यामुळे जुन्या अँटिबॉडी त्याला अडवतीलच असे नाही. दुसरी अडचण टी पेशींची, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची. वर्षानुवर्षे त्याच विषाणूशी झुंजून त्या थकतात. पीडी-१ नावाचा 'ब्रेक' त्यांच्यावर कायम दाबलेला राहतो. विषाणू गेला की त्या पुन्हा ताज्यातवान्या होतील, असे मलाही पूर्वी वाटायचे. तसे पूर्णपणे होत नाही. सतत ओरडून बसलेला आवाज गप्प राहिल्यावर थोडा सुटावा, पण पहिल्यासारखा होऊ नये, तसे काहीसे. काही पेशी सावरतात. पण अनेक पेशींत कोणती जनुके उघडी आणि कोणती बंद, याची थकव्याच्या काळातली मांडणी तशीच उरते. म्हणून दूषित सुई किंवा रक्ताचा संपर्क आला तर हा आजार पुन्हा होऊ शकतो. गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, पण गोळ्या म्हणजे लस नव्हे, आणि सी साठी लस अजून नाही.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून विचारतो. उपचारांआधी यकृताला सिरॉसिस (व्रण साचून यकृत कडक होणे) झाला होता का? असेल तर विषाणू गेल्यावर कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, कितीही बरे वाटत असले तरी. आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली होती का? सी असेपर्यंत बी पुष्कळदा दबून असतो आणि सी गेल्यावर उसळू शकतो. तपासणी झाली नसेल तर आता करून घ्या. बी नसेल आणि पूर्वीही झालेला नसेल, तर त्याची लस घ्या.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना जुना आरएनए रिपोर्ट दाखवा. तो हरवला असेल तर चाचणी पुन्हा करा.